पाकिटं मला द्या, पत्रं तुम्हालाच राहू द्या

गिरगावातली चाळ पुनर्विकासाला निघाली आहे. खोली रिकामी करताना पोटमाळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली, तीत आजोबांच्या नावे आलेली साधारण १९३० ते १९७५ पर्यंतची पत्रं. काही पाकिटात, काही सुटी, एक गठ्ठा अजून तारेला टोचलेला. दोन-चार पत्रं मोडीत. ओळखीतले एक संग्राहक घरी येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "पाकिटं मला द्या, बरे पैसे देतो. आतली पत्रं घरगुती आहेत, ती तुम्हालाच राहू द्या." धाकट्या काकांना सौदा पटलाय. तुम्हाला काहीतरी खटकतंय, पण काय ते नेमकं सांगता येत नाहीये. तुमचा प्रश्न मी असा समजले.

हा सौदा करू नका. विकायचंच असेल तर पाकीट आणि पत्र जोडीने विका, नाहीतर काहीच विकू नका. खटकण्याचं कारण पुढे सविस्तर सांगते, पण आधी माझं पाप कबूल करते.

माझं माहेर दादरचं. दहा वर्षांची असताना मला तिकिटं जमवायचा नाद लागला. माझी एक मावशी नागपूरहून आईला दर पंधरवड्याला लिहायची. मी त्या सगळ्या पाकिटांचे कोपरे कात्रीने कापले, ताटात पाणी घेऊन तिकिटं सोडवली, वर्तमानपत्रावर वाळवली आणि वहीत चिकटवली. उरलेली पाकिटं बंबात गेली. पत्रं आईने ठेवली होती, ती आज माझ्याकडे आहेत, साठेक असतील. मावशी तारखेच्या जागी फक्त "मंगळवार, दुपार" असं लिहायची. साल नाही, महिना नाही. एका पत्रात तिचा मुलगा नापास झालाय, दुसऱ्यात पास झालाय, तिसऱ्यात पुन्हा नापास. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, आता सांगायला कोणी हयात नाही. जे पाकिटावरच्या शिक्क्याने एका नजरेत सांगितलं असतं, ते मी दहाव्या वर्षी बंबात घातलं. वहीतली तिकिटं मात्र आहेत. सगळी मिळून एका वडापावाची किंमत होईल.

पुढे बँकेत लागले, शाखा फोर्टात. जेवणाच्या सुट्टीत जीपीओपर्यंत, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयापर्यंत, चालत जायचं, तिथल्या फिलॅटेलिक ब्युरोत, म्हणजे तिकीटसंग्राहकांसाठीच्या कक्षात, डोकवायचं, येताना फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे कागदांचे गठ्ठे उपसायचे, असा एकतीस वर्षांचा नेम झाला. रविवारी कधीतरी चोर बाजार. जॉन बेग यांनी आराखडा केलेली जीपीओची ती घुमटाची इमारत १९१३ साली पुरी झाली. तिच्यासमोर कबुतरखान्यापाशी पत्रलेखक बसायचे. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं लिहून द्यायचे, मनीऑर्डरचे फॉर्म भरायचे, पार्सलं कापडात शिवून लाख लावून द्यायचे. सध्या माझ्याकडे त्यांच्या हातची असावीत अशी काही पत्रं आहेत. अक्षर एक, पाठवणारे निराळे, आणि "इकडील सर्व क्षेम" पासून "लोभ असावा" पर्यंत मजकूर जवळपास सारखा. मधल्या दोन ओळींत तेवढा माणूस दिसतो.

आता पाकीट काय सांगतं ते बघा. तिकीट ही त्यातली सर्वांत ढोबळ गोष्ट. राजाचा चेहरा बघून काळ लावता येतो, पाचवा जॉर्ज की सहावा. आणे की नये पैसे हेही. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि "नये" हा शब्द १९६४ च्या जूनमध्ये गेला. पण घरात पडून राहिलेलं तिकीट लोक वर्ष-दोन वर्षांनीही डकवायचे, म्हणून तिकिटावर विसंबू नये. भरवसा शिक्क्यावर ठेवायचा. शिक्के साधारणपणे दोन असतात, पुढे टाकल्या गावचा आणि मागे पोचल्या ठिकाणचा. लोक मागचा बघतच नाहीत. त्यातच बटवड्याची तारीख असते, कधी वेळही. कोकणातल्या एखाद्या गावाहून गिरगावात यायला पावसाळ्यात किती दिवस लागले आणि उन्हाळ्यात किती, हे दोन शिक्क्यांची वजाबाकी केली की कळतं. बोटी बंद, घाट ढासळलेला, सगळं त्या वजाबाकीत येतं.

मुंबईचा पत्ता स्वतःच एक घड्याळ आहे. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, ही गोष्ट मी कौतुकाने सगळ्यांना सांगते. त्याआधी मुंबईत नुसते विभाग असायचे: गिरगाव म्हणजे मुंबई ४, दादरचा एक भाग मुंबई २८, पार्ले मुंबई ५७. तेच आकडे पुढे ४००००४, ४०००२८, ४०००५७ झाले. साठ-सत्तरच्या दशकांतल्या पाकिटांवर विभागाच्या आकड्यापुढे बीआर, डीडी, एएस अशी अक्षरंही दिसतील. पिनकोड लिहिलेला असेल तर पत्र नक्की १९७२ नंतरचं. पण नसेल तर १९७२ आधीचं, असं म्हणता येत नाही. माझ्या सासूबाई १९९० सालीही "मुंबई ४" एवढंच लिहायच्या आणि पत्र पोचायचं. असंच "बॉम्बे" आणि "मुंबई"चं. मराठी माणूस पाकिटावर कायम मुंबईच लिहीत आला, तेव्हा त्यावरून काही ठरवू नका. इंग्रजी शिक्क्यात "मुंबई" आलं ते मात्र १९९५ नंतर.

तुमच्या ट्रंकेत १९७१ च्या नोव्हेंबरनंतरची पाकिटं असणार. त्यांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट शोधा. त्यावर "रेफ्युजी रिलीफ" असं छापलेलं असेल किंवा कुटुंबनियोजनाच्या तिकिटावर तेच शब्द शिक्क्याने उमटवलेले असतील. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून मार्च १९७३ पर्यंत हा अधिभार होता. घाईघाईत निरनिराळ्या ठिकाणी उमटवलेल्या शिक्क्यांचे बरेच प्रकार आहेत, त्यांवर संग्राहकांचा डोळा असतो. तुमच्या पाहुण्यांचाही असेल.

हे झालं पाकिटाचं. पण पाकीट एकटं किती मुकं असतं ते लष्करी टपालात कळतं. "५६ एपीओ" (एपीओ म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय) एवढाच पत्ता असतो, मुलगा कुठे आहे ते मुद्दामच कळू द्यायचं नसतं. आत पत्रात तो लिहितो, "पहाटे बादलीतल्या पाण्यावर काच धरते." मग पाकिटाला अर्थ येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या परदेशी टपालाचंही तेच. कडेला चिकटवलेली "ओपन्ड बाय एक्झॅमिनर"ची पट्टी सांगते की कोणीतरी उघडून वाचलंय. काय वाचलं आणि काय खोडलं, ते पत्रातच बघावं लागतं. पट्टीचं पाकीट बाजारात विकलं जातं, पत्र रद्दीत जातं. असं का, मला चाळीस वर्षांत उमगलेलं नाही.

थोडं विषयांतर करते, कारण हे कोणी सांगत नाही. मराठी पत्रांतली संक्षिप्त रूपं म्हणजे घराण्याची नोंदवहीच आहे. "ती." आणि "चि." वरून नातं वर आहे की खाली हे कळतं. "सा. न. वि. वि." म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, "अ. उ. आ." म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद, पहिलं धाकट्याकडून येतं, दुसरं वडीलधाऱ्याकडून. खरी मौज बायकांच्या नावांत आहे. तीच मुलगी आधी "चि. कु.", लग्न ठरलं की "चि. सौ. कां.", मग "सौ.". शिवाय लग्नात नाव बदलायची आपली रीत. म्हणून पत्रांतून एखादी "कु. शांता" अचानक गायब झाली तर ती मेली असं समजू नका, दुसऱ्या गावच्या पत्त्यावर "सौ. सुमती" होऊन बसली असेल. अक्षर ताडून बघा, आणि पाकिटावर "द्वारा" पुढे कोणाचं नाव आहे ते बघा. तिथे सासर सापडतं.

मृत्यू मात्र सापडत नाही. अशुभ वार्तेच्या कार्डावर "श्री" घालायचं नाही, कोपरा फाडायचा, आणि वाचून झालं की कार्ड घरात ठेवायचं नाही, फाडून टाकायचं, ही रीत सगळ्यांनी इमानाने पाळली. हळदीकुंकवाची बोटं लावलेल्या लग्नपत्रिका गठ्ठ्याने मिळतात, सुतकाचं कार्ड क्वचित. मग आजोबा कधी गेले हे कसं लावायचं? पत्त्यातून. जूनमधल्या पाकिटावर "सौ." आहे आणि सप्टेंबरातल्या पाकिटावर "गं. भा.", म्हणजे मधल्या तीन महिन्यांत. एका कुटुंबाच्या वंशावळीत मी अशा तीन तारखा जवळपास नेमक्या लावून दिल्या. तिन्ही वेळा पुरावा पाकिटावरच होता, आत नव्हता. पाकिटं विकली असती तर त्या बाईंचं वैधव्यही विकलं गेलं असतं. "घरगुती" पत्र आणि "संग्राह्य" पाकीट असे दोन ढीग करणाऱ्याला हे सांगून बघा.

आतल्या तारखांबद्दल एक तांत्रिक गोष्ट. जुनी मंडळी शक आणि तिथी लिहीत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवायचे. "शके १८६४ भाद्रपद" म्हणजे १९४२, तर "शके १८६४ माघ" म्हणजे १९४३. काळबादेवीच्या व्यापाऱ्यांची पत्रं असतील तर विक्रम संवत असेल, तिथे ५६ किंवा ५७ वजा करायचे. हिशेब चुकला की पाकिटाचा शिक्का लगेच कान पकडतो.

सुटी पत्रं आणि रिकामी पाकिटं कशी जुळवायची, हे तुम्हाला करावं लागणार आहे. इथे तार तुमच्या मदतीला येते. पूर्वी घराघरात दाराशी वाकवलेली तार टांगलेली असायची, आलेलं पत्र वाचून झालं की तीत टोचायचं. सर्वांत जुनं तळाशी. तो गठ्ठा तारेवरून काढायच्या आधी खालून वर आकडे टाकून फोटो काढा. तो क्रम पुन्हा मिळणार नाही. आता सुटं पत्र त्याच्या घडीत घाला, पाकिटाशी लावा आणि उजेडाकडे धरा. तारेचं भोक दोन्हींतून आरपार जुळलं तर जोडी खरी. कसरीने पाडलेली भोकंही अशीच जुळतात. ती एका बाजूने शिरते आणि वाटेत येईल ते खात जाते, पाकीट-पत्र असा भेद तिच्याकडे नसतो. टाचणीचा गंज, पाण्याचा डाग, घडीचं माप, शाई, अक्षर, हे सगळं बघा. एवढं करूनही जुळलं नाही तर सुटंच ठेवा. अंदाजाने जोडी लावू नका. बाजारात हल्ली अशा लावलेल्या जोड्या फिरतात, आणि मी एकदा बरे पैसे मोजून फसले आहे. पाकीट १९४४ चं, आत मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाची हकीकत. १४ एप्रिलचा तो दिवस, कागदावर "काल" असा उल्लेख, सगळं कसं बिनचूक. घरी येऊन बघते तर पत्राची घडी पाकिटापेक्षा बोटभर रुंद. विकणाऱ्याने हात वर केले. पत्र खरं होतं, पाकीटही खरं होतं, एकमेकांचं मात्र नव्हतं.

नुसत्या पाकिटातही लबाड्या होतात. जुनं साधं पाकीट घ्यायचं आणि त्यावर भारी तिकीट डकवायचं. शिक्क्याची रेघ तिकिटावरून कागदावर सलग गेली आहे का ते भिंगातून बघायचं. त्या वर्षीचं टपालहशील आणि लावलेली तिकिटं यांचा मेळ बसतो का तेही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या तिकिटावर रेघांमध्ये नुसता आकडा असतो, तोही बघावा. "१२४" दिसला तर पत्र एडनचं आहे, मुंबईचं नाही. तेव्हा एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता आणि तिथे आपलीच तिकिटं चालत. आपल्याकडे या जुन्या शिक्क्यांचा नेटाने अभ्यास करणाऱ्यांत जाल कूपर हे मुंबईचेच.

किमतीचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. ट्रंकेतल्या शंभरातल्या पंचाण्णव पाकिटांना बाजारात काही किंमत नाही. उरलेल्या पाचांसाठीच ते गृहस्थ सगळा गठ्ठा मागताहेत. ती पाच कुठली असू शकतात? १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या विमानातलं पाकीट. १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेल्या गांधीजींच्या चार तिकिटांपैकी दहा रुपयांचं, आणि तेही खरोखर टपालातून गेलेल्या पाकिटावर. कोरं तिकीट बऱ्याच जणांकडे असतं, पाकिटावरचं दुर्मीळ. युद्धकाळातली सेन्सॉरची पट्टी. निर्वासित अधिभाराचे वेगळे शिक्के. पैसे कमी भरल्यामुळे दुप्पट हशील वसूल केलेलं नॉटपेड पाकीट, तेही हल्ली मागतात. अशी निघाली तर दोन निरनिराळ्या जाणकारांना दाखवा, एकाला कधीच नाही. महापेक्ससारख्या तिकिटांच्या प्रदर्शनांत असे लोक भेटतात आणि पाकिटासोबत पत्र असेल तर आपणहून जास्त भाव सांगतात. मोठ्या संग्रहांत आता आतल्या मजकुराला महत्त्व येऊ लागलंय. तुमच्या पाहुण्यांना हे ठाऊक नसेल, किंवा असेलही.

दोन कायदे माहीत असू द्या. एक, पत्राचा कागद तुमच्या मालकीचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा. १९५७ च्या कायद्याने तो लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि मजकूर मृत्यूनंतर पहिल्यांदा छापला तर साठ वर्षं छापल्यापासून मोजतात. तेव्हा आजोबांच्या मित्राचं पत्र जसंच्या तसं कुठे छापायच्या आधी त्याच्या घरच्यांना विचारा. दोन, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेले ७५ वर्षांहून जुने कागद १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतात आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातून कोणी ऑनलाइन मोठी रक्कम देऊ केली तर हुरळून टपालात टाकू नका.

जपणुकीबद्दल सांगायला लागले तर मी थांबत नाही, म्हणून मुंबईपुरतंच सांगते. आपला शत्रू दमट हवा. जून ते सप्टेंबर ट्रंक उघडून पसारा मांडू नका. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाळ्यात घरातल्या सावलीत, पंख्याखाली, स्वच्छ चादरीवर पसरा. पत्रं उन्हात घालू नका, शाई उडते. मऊ ब्रशने धूळ झटका, बुरशी असेल तर तोंडावर मास्क बांधा. टाचण्या आणि यू-पिना गंजून कागदात रुतलेल्या असतात, त्या ओढू नका, खाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून हलकेच उचला. जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेलं पत्र ओल्या हाताने धरू नका, ती पेन्सिल पाण्याने पसरते आणि अक्षराचं डबकं होतं. सेलोटेप नाही. लॅमिनेशन तर मुळीच नाही. भाचरं हौसेने आजीचं पत्र लॅमिनेट करून आणतात तेव्हा काय बोलावं कळत नाही. तिकिटं सोडवायची नाहीत, हे माझ्या तोंडून ऐकायला विचित्र वाटेल.

ठेवायला पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या. स्टेशनरीच्या दुकानातलं वास येणारं, हाताला चिकट लागणारं प्लास्टिक पीव्हीसीचं असतं, ते काही वर्षांत कागदाला चिकटतं. एका कप्प्यात एक जोडी: पाकीट, त्यामागे उलगडलेलं पत्र, आणि वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने क्रमांक. मूळ कागदावर पेन लावू नका. डांबरगोळ्यांऐवजी मी वेखंडाची पुरचुंडी ठेवते, कागदाला न लागेल अशी. आमच्या आजीची पद्धत, आणि निदान माझ्या कपाटात कसर नाही. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, आणि तळमजल्यावर असाल तर खालचा कप्पा कधीच नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुर्ल्याच्या एका संग्राहक मित्राचा तीस वर्षांचा संग्रह पलंगाखालच्या पेट्यांत होता. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघांनी मिळून त्या पेट्या उघडल्या. त्यानंतर त्याने हा विषय काढलेला नाही.

त्या पावसानंतर मी प्रत्येक गोष्टीचा फोटो काढून ठेवते. क्रम असा: पाकिटाची पुढची बाजू, मागची बाजू, मग पत्राची पानं. या सगळ्या फोटोंना एकच क्रमांक, पुढे क, ख, ग, घ. मागची बाजू वगळू नका. मनीऑर्डरची कुपनंही याच क्रमात धरा. गिरणगावातून कोकणात गेलेल्या मनीऑर्डरींच्या त्या चिठोऱ्यांवर दोन बोटं जागेत माणसं संसार चालवायची: "रु. १५ पाठविले. म्हशीचे बघ. गणपतीला येतो." ती चिठोरी कोणी पत्र म्हणून मोजत नाही.

मोडी पत्रांचं सोपं आहे. कोणाच्या तरी "येतं थोडं थोडं" वर विसंबू नका. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. तिथे शिकलेला माणूस गाठा किंवा घरातल्या एखाद्या निवृत्त माणसाला वर्गाला धाडा. मी पन्नाशीत शिकले. पहिलं अख्खं पत्र वाचून झालं तेव्हा कळलं की ते आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाचं आहे. तरी दोन दिवस आनंदात होते.

आणि एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण येणार आहे. आत काय निघेल? भांडणं निघतील, कर्ज निघेल, कोणाचं मोडलेलं लग्न, कोणाचं आजारपण. हयात माणसांबद्दलचं काही असेल तर ती जोडी वेगळ्या लिफाफ्यात बंद करा, वर वर्ष घाला, आणि घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडे द्या. फाडू मात्र नका.

पाकीट-पत्राची जोडी मोडायची नाही, याबाबत माझा नियम कडक होता. एकदा चोर बाजारातून घेतलेल्या गठ्ठ्यात एका नव्या सुनेने आईला लिहिलेलं पत्र निघालं. १९५८ चं, पाकिटासकट, लालबागचा पत्ता. पत्र असं होतं की ते माझ्याकडे असणं मला बरं वाटेना. चाळ अजून उभी होती. चौकशी करत तिसऱ्या मजल्यावर गेले. त्या बाईंचा मुलगा भेटला, साठीचा. त्याने चष्मा लावून दारातच पत्र वाचलं, पूर्ण. मला आत बोलावलं, चहा दिला. मी समजावून सांगितलं की दोन्ही एकत्र ठेवा, पाकिटाशिवाय पत्राला अर्थ नाही, वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग पत्र घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं आणि पाकीट माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, "हे तुमच्या कामाचं. माझ्याकडे पत्ता आहे."

ते पाकीट माझ्याकडे आहे. मागचा कप्पा रिकामा ठेवलाय.

तुमच्या पाहुण्यांना सांगा की दिवाळीपर्यंत काही विकायचं नाही. तोपर्यंत क्रमांक घाला, फोटो काढा, जोड्या लावा. पाच-सात चांगल्या जोड्या काकांच्या मनासारख्या विकायच्याच असतील तर फोटो ठेवून खुशाल विका, अख्ख्या विका, आणि विकत घेणाऱ्याकडून दोन ओळी लिहून घ्या की वेगळ्या करणार नाही. कोण पाळेल कोण नाही हा भाग निराळा, पण लिहून मागितलं की निम्मे लोक तिथूनच परततात. आणि बिल्डरने खोली पावसाळ्यातच रिकामी करायला लावली तर ट्रंक न उपसता जशीच्या तशी हलवा. तारेचा गठ्ठा मात्र आधी तारेसकट बाहेर काढून घ्या आणि खाली-वर पुठ्ठा देऊन आडवा ठेवा. टेम्पोच्या हिसक्यांनी तारेवरची पत्रं भोकापासून फाटतात.